ओल्या कचऱ्याचं वजन

साठी जवळ आली की माणसं देवधर्माला लागतात. मी कचऱ्याला लागले. माझी मोठी जाऊ अजून पाहुण्यांना सांगते की आमची नलू कार्यक्रमांचं बघते. काय बघते ते सांगत नाही. परिषद संपल्यावर उरलेला कचरा मी तोलते, तो कुठं गेला ते लिहून ठेवते, आणि परिषदेआधी तीन महिने लोकांशी वाद घालते की तो मुळात इतका होऊच नये.

त्याआधी तीस वर्षं मी नुसत्याच परिषदा भरवत होते. साताऱ्यात डॉक्टरांच्या, फलटणला साखर कारखान्यांच्या इंजिनियरांच्या, सांगलीत हळद व्यापाऱ्यांच्या. परिषद म्हणजे एका गावच्या हुशार लोकांनी दुसऱ्या गावी जाऊन जेवणं. मधल्या वेळात भाषणं होतात. मंडप, माईक, चहा, जेवण, पाहुण्यांना स्टँडवरून आणणं आणि ज्याचं नाव पत्रिकेत राहून गेलं त्याची समजूत काढणं, हे माझं काम. सगळं आटोपल्यावर बाटल्या, थर्माकोल, फ्लेक्स आणि अर्धवट खाल्लेल्या ताटल्या ट्रॉलीत भरून ‘लांब’ पाठवायच्या. लांब म्हणजे कुठं, हे मी ट्रॉलीवाल्याला कधी विचारलं नाही आणि त्यानंही कधी सांगितलं नाही.

ते मला सांगलीत कळलं. एका पुरानंतर मावसबहिणीकडं घर धुवायला गेले होते. तिच्या परसात, चिखलात, हातभर थर्माकोलचा ‘स्वा’ रुतला होता. कान्याला खाली जरासा बाक. असा बाक काढणारा एकच कारागीर होता, तो मिरजेला राहायचा आणि फक्त माझंच काम करायचा. म्हणजे माझ्याच कुठल्यातरी सुस्वागतमचा हा तुकडा नदीला लागला होता आणि पुराबरोबर माझ्याच बहिणीच्या दारात आला होता. बहीण म्हणाली, पाणी चढलं तेव्हा घरात पहिला हाच शिरला. ‘सु’ कुणाच्या घरी गेला असेल, असं मनात म्हणत तो ‘स्वा’ पोत्यात भरला आणि साताऱ्याला घेऊन आले. हसूही येत होतं आणि तोंड दाखवायची लाजही वाटत होती.

पुढं वर्षभरात शाश्वत कार्यक्रमांची मानकं म्हणून एक जाड वही माझ्या हाती पडली. मोठ्या कंपन्या ज्या परिषदांना मदत करतात, त्यांना हल्ली ही वही पाळलेली हवी असते. वहीत लिहिलंय ते अवघड नाही. पाहुणे कुठून आणि कसल्या वाहनानं आले ते विचारा. पाण्याच्या बाटल्या नकोत. जेवण जवळच्या शिवारातलं असू द्या. सजावट पुन्हा वापरता येईल किंवा मातीत जाईल अशी करा. भेटवस्तू वाटू नका. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला स्टेजवर चढता आलं पाहिजे. आणि शेवटी, जे आत आणलं ते बाहेर कुठं गेलं, वजनासकट लिहा. मी वाचलं आणि वाटलं, ही तर आमच्या आईच्या घरातली शिस्त. फक्त आई वजन लिहीत नव्हती.

अवघड असतात ती माणसं. साताऱ्यातल्या डॉक्टरांच्या परिषदेत मी पहिल्यांदा तीन डबे ठेवले. ओल्याला हिरवा, सुक्याला निळा, बाकीच्याला लाल. वर ठळक पाट्या लावल्या. शंभरभर डॉक्टर होते, सगळे शिकलेले. त्यांनी सगळा कचरा दारापाशल्या डब्यात टाकला, कारण तो दारापाशी होता. बाकीचे दोन डबे धुतल्यासारखे स्वच्छ राहिले. वजन तर वेगवेगळं हवं. मग मी आणि माझी मदतनीस बसलो कोपरापर्यंत हातमोजे घालून, श्रीखंडातनं चहाच्या पुड्या वेचत.

त्यानंतर मी सुभेदारांना कामावर घेतलं. सुभेदार मेढ्याच्या वरच्या अंगाचे. फौजेतून येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती आणि घरात सुना त्यांच्यापुढं दमल्या होत्या. मी काम समजावून सांगितलं. त्यांनी सगळं उभ्यानं ऐकलं आणि विचारलं, “मॅडम, ह्यात दुश्मन कोण म्हणायचा?” मी म्हटलं, जो चुकीच्या डब्यात टाकेल तो. “ठीक है,” म्हणाले. एवढंच.

फलटणच्या इंजिनियरांच्या कार्यशाळेत ते डब्यांपाशी काठी घेऊन उभे राहिले. काठी कुणाला लावली नाही, नुसती धरली. एक मोठे अधिकारी ताटलीत दोन गुलाबजाम तसेच ठेवून आले. सुभेदारांनी ताटली परत त्यांच्या हातात दिली आणि आधी संपवा म्हणाले. साहेबांनी हळूच सांगितलं की आपल्याला साखर आहे. सुभेदारांना हे पटेना. साखर कारखान्याचा साहेब, साखरेच्या परिषदेला आलेला, त्याला साखर आहे, मग घेतले कशाला? त्यांनी रांगेतला मागचा माणूस पुढं बोलावला, त्याला साखर नाही ना ते विचारलं आणि दोन्ही गुलाबजाम त्याला खायला लावले. त्या दिवशी ओल्या डब्यात कागदाचा कपटासुद्धा सापडला नाही. दुपारनंतर लोक ताटात वाढून घेतानाच आधी सुभेदारांकडं बघायचे.

एवढी तयारी झाल्यावर माझ्याकडं तासगावची द्राक्ष परिषद आली. ही सगळी हकीकत खरं तर तिचीच.

द्राक्ष बागायतदारांच्या संघाचे अध्यक्ष आबासाहेब. वय सत्तरीच्या पुढं, मिशी त्याहून भारदस्त. परदेशातल्या दुकानांना द्राक्षं पुरवणारी एक कंपनी त्यांच्या संघाकडून माल घेणार होती, एक-दोन हंगामांसाठी नाही, कायमचा. कंपनीनं सांगितलं होतं की शेती स्वच्छ करतो असं तुम्ही म्हणता, तर तुमची परिषद कशी करता ते आम्हाला बघू द्या. तपासायला पुण्याहून माणूस पाठवू, त्याचा अहवाल आला की बोलू. म्हणजे तासगाव भागातल्या कित्येक बागांचा माल माझ्या कचऱ्याच्या डब्यांवर अवलंबून होता. मी आबासाहेबांना हे दोनदा समजावलं. ते म्हणाले, समजलं.

मग त्यांनी यादी काढली. वेशीपासून मंडपापर्यंत फ्लेक्स. सत्तावीस जणांचा सत्कार, प्रत्येकाला शाल, श्रीफळ, फेटा, गुच्छ आणि सन्मानचिन्ह. वर फटाके. मी म्हटलं, यातलं काहीच बसत नाही. फ्लेक्स तर मुळीच नाही.

आबासाहेबांनी थोडा विचार केला. “मग हिरव्या रंगाचा लावू की,” ते म्हणाले.

कापडी फलकावर ते कसेबसे आले. गावात एक जुना पेंटर होता, फ्लेक्स आल्यापासून त्याचा ब्रश सुकला होता. त्यानं आनंदानं मांजरपाटावर अक्षरं रंगवली आणि उत्साहाच्या भरात कुणी न सांगता आबासाहेबांचं चित्रही काढलं. आबासाहेब त्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मिशी आपलीच आहे, पण बाकीचा कोण आहे, असं त्यांनी पेंटरला सरळ विचारलं. पेंटर म्हणाला, लांबनं बघा. आबासाहेब मागं मागं सरकत रस्त्यापलीकडच्या बेदाण्याच्या शेडपर्यंत गेले आणि तिथून त्यांना चित्र पसंत पडलं.

सत्कारावर मात्र अडलं. श्रीफळ चालणार होतं, नारळ खाण्यात जातो म्हणून तो भेटवस्तूत धरत नाहीत. फेटे, गुच्छ, चिन्हं त्यांनी एकेक करून सोडली. पण शाल नाही म्हटल्यावर ते उठूनच उभे राहिले. सत्तावीस माणसं परिषदेला येतात ती शालीसाठीच, बाकी द्राक्षाचं त्यांना सगळं माहीत आहे, असं त्यांचं म्हणणं. ते चुकीचं नव्हतं. शेवटी मी म्हटलं, शाल घालू, पण एकच. एकाला घातली, टाळ्या झाल्या, फोटो झाला, की तो डाव्या अंगानं खाली उतरेल. तिथं सुभेदार शाल उतरवून घेतील, स्टेजमागून उजव्या अंगाला आणतील, ती पुढच्याला. आबासाहेबांना हे इतकं आवडलं की त्यांनी लगेच सत्कारांची संख्या चाळीस करायची म्हटलं. मी सत्तावीसवरच थांबवलं.

सजावटीत मी जरा हुशारी केली. कमान आणि स्टेजची पुढची बाजू हिरव्या मक्यानं, उसाच्या शेंड्याकडच्या वाड्यानं आणि झेंडूनं मढवायची. कार्यक्रम संपला की ते सगळं जनावरांच्या पोटात. त्या दिवसांत जतकडचा एक मेंढपाळ, मायाप्पा, आबासाहेबांच्या चुलतभावाच्या रानात मेंढरं बसवायला आला होता. द्राक्षं उतरल्यावर बागेच्या रानात रात्री मेंढरं बसवली की लेंडीचं खत मिळतं, आमच्याकडची जुनीच पद्धत आहे ती. मी त्याला जाऊन भेटले. जेवणातलं उरलेलं चालेल का, असंही विचारलं. त्यानं मान हलवली. “शिजलेलं नगं, आक्का. भात खाल्ला की मेंढरू फुगतं. मका द्या, साली द्या.” मी म्हटलं, परिषद चारला संपते, तू पाचला ये. शिजलेलं उरेल ते वसतिगृहातल्या पोरींना पाठवायची सोय केली आणि माझ्या वेळापत्रकात एक ओळ लिहिली : पाच वाजता मेंढरं आत. त्याची एक प्रत सुभेदारांना दिली. ही ओळ लिहिताना मला फार शहाणं झाल्यासारखं वाटलं होतं.

परिषदेच्या दिवशी पुण्याहून चिन्मय आला. तोच तपासनीस. अंगानं किरकोळ, बोलायला अतिशय नम्र, आणि खिशात हूक लावलेला लोखंडी काटा, पिशव्या टांगून तोलायचा. कंपनीच्या एक बाईही मुंबईहून आल्या होत्या. त्या पहिल्या रांगेत बसल्या आणि वहीत काहीतरी लिहू लागल्या. त्या काय लिहितात ते आबासाहेब मान लांब करून बघायचे.

नावनोंदणीच्या टेबलावर प्रत्येकाला विचारायचं होतं, कसे आलात. पहिलेच आले शिदूनाना, आटपाडीच्या बाजूचे, धोतर, टोपी, सत्कारमूर्तींपैकी एक. टेबलावर वही, शेजारी चिन्मय गळ्यात ओळखपत्र घालून उभा. नानांना वाटलं ही सरकारी चौकशी. ते म्हणाले, चालत आलो. किती? चाळीस किलोमीटर. मागच्यांनी ते ऐकलं आणि बरोबर उत्तर कुठलं ते सगळ्यांना समजलं. दहा वाजेपर्यंत आमच्या वहीप्रमाणं दीड-दोनशे माणसं चालत आली होती, एक जण तर कवठेमहांकाळहून पळत. चिन्मय बाहेर गेला, ट्रॅक्टर आणि जीपगाड्या मोजून आला आणि सगळं पुन्हा लिहायला बसला. रागावला नाही. फक्त पळत आलेल्या माणसाकडं एकदा बघितलं. त्याच्या पायात नव्या चपला होत्या.

माठातलं पाणी, स्टीलचे पेले, चहाला कपबशा, सगळं नीट चाललं होतं. सत्कारही नीट सुरू झाले. शाल उजवीकडून वर जात होती, डावीकडून खाली येत होती, आणि सुभेदार ती दर वेळी ध्वज घडी करावा तशी घडी करून मागनं पळत नेत होते. एप्रिलचं ऊन, सातव्या सत्काराला शाल दमट झाली होती, पण कुणी तक्रार केली नाही.

तेराव्याला शिदूनाना होते. त्यांना शाल घातली, नारळ दिला, टाळ्या झाल्या. नाना डाव्या अंगानं उतरले. सुभेदारांनी हात पुढं केला. नानांनी तो हातात घेऊन हलवला आणि पुढं निघाले. जाऊन खुर्चीत बसले, दोन्ही खांद्यांवरून शाल छातीशी धरून. सुभेदार काठी न घेता त्यांच्यामागं गेले, वाकून कानात काहीतरी बोलले, आणि तसेच माझ्याकडं आले. मी विचारलं, काय झालं.

“मॅडम, म्हातारं रडतंय,” ते म्हणाले. “पन्नास वर्सं बाग लावली म्हणं, आन् आज पयल्यांदा कुणी नाव घेतलं. मला न्हाई काडता यायची. ऑर्डर तुमी द्या.”

मी लांबून बघितलं. नाना उन्हात शाल पांघरून घामानं भिजले होते आणि समोर बघत होते. मी ऑर्डर दिली नाही. माझ्याच खांद्यावर सुताची ओढणी होती, निळी, कडेला ठिपके. ती सुभेदारांना दिली. पुढचे चौदा सत्कार त्या ओढणीनं झाले. चिन्मयनं हे बघितलं होतं. तो माझ्याजवळ आला, मला वाटलं आता काही बोलणार. त्यानं कागद दाखवला. ‘वाटलेल्या भेटवस्तू’ या रकान्यात त्यानं लिहिलं होतं : एक. आणि पुढं चालू लागला.

जेवणं झाली. बाजरीची भाकरी, भरलं वांगं, मटकी, द्राक्षाची कोशिंबीर. सुभेदार डब्यांपाशी परत आल्यामुळं उष्टं जवळजवळ नव्हतंच. चर्चासत्रं मात्र लांबली. डावणी रोगावर बोलायला उभं राहिलेला माणूस तांब्याच्या फवारणीपासून स्वतःच्या मेव्हण्यापर्यंत पोचला आणि परत यायला त्याला वेळ लागला. साडेचारला आबासाहेब समारोपाला उठले आणि म्हणाले, दोनच शब्द बोलतो. त्यांच्या बोलण्याची ही पद्धत मला माहीत होती. माझ्या वेळापत्रकातली ती ओळ मात्र मी तोपर्यंत साफ विसरले होते.

बरोबर पाचला मंडपाच्या तोंडाशी मायाप्पा सत्तर मेंढरं घेऊन उभा राहिला. आत कार्यक्रम चालू बघून तो थांबला होता, हे मला मागाहून कळलं. त्यानं सुभेदारांना विचारलं, भाषणं चालल्यात, थांबू का? सुभेदारांनी खिशातून माझा कागद काढला, घड्याळ बघितलं, पुन्हा कागद बघितला. लेखी होतं. त्यांनी मंडपाच्या तोंडाशी बांधलेला दोर सोडला आणि बाजूला सावधान उभे राहिले.

मेंढरं आत आली ती घाईनं नाही. पुढचा एडका कमानीपाशी थांबला, त्यानं मक्याचं एक ताट ओढलं, चावलं, आणि बाकीच्यांना जणू परवानगी मिळाली. दहा मिनिटांत कमानीचा बांबू उघडा पडला. मग ती खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं पुढं निघाली. लोक पाय वर घेऊन बसले. कुणी ओरडलं नाही, सगळे मेंढरांची आणि आबासाहेबांची गंमत एकदमच बघत होते. मी मागून पळत आले आणि मायाप्पाला म्हटलं, बाबा, आवर. तो म्हणाला, “आक्का, खाताना मेंढरू माज्या बापाचं बी ऐकत न्हाई. पाचाचं तुमीच सांगितलं हुतं.”

मी पहिल्या रांगेकडं बघायचं धाडस केलं. मुंबईच्या बाईंच्या मांडीवर एका कोकरानं तोंड ठेवलं होतं आणि त्या वही उंच धरून बसल्या होत्या. मला वाटलं, संपलं. तीस वर्षं गेली, तासगावचा माल गेला.

आबासाहेबांचं भाषण मात्र चालूच होतं. मेंढरं स्टेजपर्यंत आली, पुढच्या बाजूचा ऊस आणि झेंडू खाऊ लागली, एकानं त्यांच्या चित्राचा हार ओढून नेला, तरी ते बोलत होते. शेवटी एडक्यानं पुढचे पाय पायरीवर ठेवले आणि त्यांच्याकडं वर बघितलं. आबासाहेब थांबले. मला वाटलं आता माझं नाव घेऊन काही बोलतील, आणि खरंच घेतलं.

“नलूताई सकाळपासनं सांगत्यात, ताटात काय टाकू नका, सगळं खावा,” ते माईकवर म्हणाले. “मंडळी, एवढ्या लोकांत त्यांचं नीट ऐकलं ते ह्यांनीच.”

मंडप जो हसला, तो बराच वेळ हसत राहिला. आबासाहेबांना तेवढ्यात भाषण संपवायला छान जागा मिळाली, त्यांनी ते संपवलं.

पण खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. चिन्मय काटा घेऊन माझ्याकडं आला आणि म्हणाला, “मॅडम, ओला कचरा कुठे आहे?”

मी मेंढरांकडं बोट दाखवलं.

त्यानं नम्रपणे सांगितलं की वजन लागतं. आबासाहेब म्हणाले, शून्य लिहा, उरलंच नाही काही. चिन्मय म्हणाला, शून्य कुणी खरं मानत नाही, आणलेल्या मालाचं वजन तरी द्या. ते मी केलं नव्हतं. मका सकाळी ट्रॉलीतून आला आणि थेट कमानीवर चढला. वहीत तर ठळक लिहिलंय की आत येणारी वस्तू तोलून घ्यावी. चूक शंभर टक्के माझी होती. चिन्मय म्हणाला, आकडा नसेल तर मला तो भाग नापास लिहावा लागेल, आणि तो भाग नापास म्हणजे सगळंच. त्यालाही ते आवडत नव्हतं, पण तो हटत नव्हता. तो हटला असता तर माझ्या मनातून उतरला असता, हेही खरं.

मायाप्पा बाजूला उभा राहून ऐकत होता. “वजनच पायजे व्हय,” तो म्हणाला. “मी सांगतो की.”

तो म्हणाला, इकडं आणायला वाड्यातनं काढताना प्रत्येक मेंढराला हात लागलाय, आता उचललं की किती खाल्लं ते कळेल. चिन्मय म्हणाला, अंदाज चालत नाही. अंदाज हा शब्द मायाप्पाला लागला. बाजारात व्यापारी काटा आणतो तोच माझ्याशी ताडून बघतो, असं त्यानं ऐकवलं. मग इकडंतिकडं न बघता सरळ पुढं झाला, चिन्मयला कमरेत धरलं आणि जमिनीपासून वीतभर वर उचललं. चिन्मयचे बूट हवेत आणि हातात कागद. मायाप्पानं त्याला एकदा हलकेच झुलवलं आणि खाली ठेवलं.

“बासष्ट,” तो म्हणाला. “पर त्येतलं किलोभर तुमचं न्हवं. खिशात कायतरी हाय.”

स्वयंपाकघरात धान्याची पोती तोलायचा मोठा काटा होता. सुभेदार तो ओढत घेऊन आले. चिन्मय वर उभा राहिला. बासष्ट. मग त्यानं खिशातला लोखंडी काटा काढून माझ्या हातात दिला. एकसष्ट.

मंडपातले सगळेच पुढं सरकले. सत्कारमूर्तींनी रांग लावली. प्रत्येकाला स्वतःला उचलून घ्यायचं होतं. मायाप्पानं तिघा-चौघांना उचललं, काट्यानं ताडलं, एका किलोचाही फरक आला नाही. आबासाहेब मिशीवर हात फिरवत पुढं आले. मायाप्पानं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हात मागं घेतले.

“न्हाई,” तो म्हणाला. “आबांना बाजारात न्यायचं न्हाई.”

मुंबईच्या बाईंनी वही बाजूला ठेवली होती आणि त्या डोळे पुसत होत्या. हसून. थोडं सावरल्यावर त्यांनी मायाप्पाला एकच प्रश्न विचारला, ही मेंढरं आज बसणार कुठं. तो म्हणाला, आबांच्या भावाच्या द्राक्षाच्या रानात. म्हणजे कमानीचा मका उद्या द्राक्षाच्या मुळाशी जाणार होता. बाईंनी वही परत उचलली आणि या वेळी काय लिहितात ते सगळ्यांना दिसेल असं लिहिलं.

चिन्मय खुर्चीत बसला. मायाप्पानं एकेक मेंढरू उचलायचं आणि सांगायचं, दोन किलो, दीड, हे आजारी हाय, अर्धाच. चिन्मय लिहीत होता. सत्तर मेंढरं व्हायला पाऊण तास लागला. बेरीज आली एकशे सव्वीस किलो. सुभेदारांनी मध्येच सांगितलं की एका मेंढरानं सुक्या डब्यातला पुठ्ठा खाल्लाय, तो वजा करावा. तो वजा केला.

अहवाल महिन्याभरात आला. आम्ही पास होतो. अहवाल काटेकोर होता : ट्रॅक्टर, जनरेटरचं डिझेल, माझं न तोललेलं मक्याचं पाप, सगळं होतं. ओल्या कचऱ्याच्या पानावर ‘मोजमापाचं साधन’ असा एक रकाना असतो. तिथं चिन्मयनं लिहिलं होतं : ‘श्री. मायाप्पा. कमरेत धरून उचलून. काट्याशी पडताळा घेतला.’ कंपनीनं त्यावर काही विचारलं नाही. माल गेला, अजून जातोय.

मी हे काम आता फार वर्षं करणार नाही. गुडघे बोलतात. पण यंदाची द्राक्ष परिषद घेतलीच. आबासाहेबांनी मुंबईच्या एका फार मोठ्या पाहुण्यांची तारीख मिळवली होती, सहा महिने चिठ्ठ्या-फोन करून. पत्रिका छपाईला जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला फोन केला आणि म्हणाले, ताई, छापू नका, तारीख बदलावी लागेल. मी घाबरून विचारलं, पाहुणे येत नाहीत का.

“पावणे येत्यात की,” आबासाहेब म्हणाले. “पर त्या हप्त्यात मायाप्पा जतला हाय. पावण्यांनाच कळवलंय, पुढच्या सोमवारी या म्हणून.”

पाहुणे सोमवारी आले. पाच वाजायच्या आत बोलून मोकळे झाले.